बुरशी भिंतीवर, पाणी एसीचं, भांडण डिपॉझिटचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाड्याचा फ्लॅट, राहायला येऊन वर्ष होत आलं. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, कपाटामागे आणि छताजवळच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली आहे. त्याच खोलीत मालकांनी दिलेला स्प्लिट एसी आहे. त्यातून पाणी गळून खालच्या भिंतीचा रंग फुगला आणि पोपडे सुटले. भाडेकरू म्हणतात, घर मुळातच ओलं आहे. मालक म्हणतात, तुम्ही खिडक्या उघडत नाही, एसीची सर्व्हिसिंग करून घेतली नाही, सगळ्या खोलीच्या रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापणार. जबाबदारी नक्की कोणाची?

इमारतींतल्या गळतीची आणि ओलीची पाहणी करून अहवाल देणं हे माझं काम. त्यातले बरेच अहवाल अशाच वादांत वापरले जातात. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या खोलीत बहुधा दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तुम्ही दोघांनी मिळून त्यांची एकच मोट बांधली आहे. कपाटामागची बुरशी आणि एसीखालचा फुगलेला रंग यांचं पाणी वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेलं असू शकतं. आणि खर्च नेहमी पाण्याच्या मागे जातो. पाणी कुठून आलं, ते कोणाला थांबवता आलं असतं आणि त्या माणसाला ते कधी कळवलं, एवढं ठरलं की वादातली बहुतेक हवा निघून जाते. डाग कोणाच्या काळात दिसला, याला दोन्ही बाजू जितकं महत्त्व देतात तितकं ते नसतं.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, स्वच्छ घरातही असतात. त्यांना वाढायला ओल लागते. भिंतीच्या पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता बरेच दिवस 80 टक्क्यांच्या वर राहिली की रंग, धूळ, वॉलपेपर, कपाटाच्या मागचा प्लाय, काहीही खाऊन बुरशी वाढते. त्यामुळे ‘बुरशी कोणी आणली’ हा प्रश्नच चुकीचा. ओल कुठून आली ते पाहायचं.

घरातली ओल साधारण तीन वाटांनी येते. पहिली म्हणजे गळती: वरच्या बाथरूममधून, गच्चीतून, भिंतीतल्या पाइपमधून किंवा बाहेरच्या भिंतीच्या तड्यांतून. हिचा डाग सहसा एका जागी असतो, त्याला तपकिरी कड असते आणि तो पावसाबरोबर किंवा वरच्यांच्या नळाबरोबर मोठा होतो. वरच्या बाथरूमवर संशय असेल तर तिथली जाळी बंद करून जमिनीवर रंग मिसळलेलं पाणी काही तास तुंबवून ठेवतात. खाली रंगीत थेंब आला की वाद संपतो. दुसरी वाट जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीची. ती मुख्यतः तळमजल्यावर, जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत दिसते आणि भिंतीला लोणा लागतो, म्हणजे क्षाराची पांढरी भुकटी सुटते. तुमचा डाग छताजवळ आहे, तेव्हा ही वाट सोडून देऊ.

तिसरी वाट लोकांना सगळ्यात कमी कळते आणि भांडणं सगळ्यात जास्त तिच्यावरून होतात. खोलीतल्याच हवेतली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो तसंच हे. या बुरशीला कड नसते. बारीक काळे ठिपके पसरत जातात, आणि तेही ठरावीक जागी: बाहेरच्या भिंतीचे कोपरे, बीमच्या खालची बाजू, खिडकीच्या चौकटीभोवती, भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे. म्हणजे जिथे भिंत थंड आहे आणि हवा फिरत नाही तिथे.

गळती की वाफ, हे तपासायचा एक साधा उपाय आहे. डागाजवळ भिंतीचा हातभर तुकडा कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला ओल दिसली तर वाफ हवेतून येते आहे. फॉइल काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतं आहे. दोन्ही ओल्या असतील तर दोन्ही कारणं आहेत, आणि असं पुष्कळदा निघतं. कारण पावसाने भिजलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा थंड राहते आणि मग तिच्यावर वाफही जास्त बसते. फॉइल लावताना आणि काढताना फोटो घ्या. मीटर टेकवून ‘भिंतीत इतके टक्के ओल’ असं सांगणाऱ्यांपासून जरा जपून राहा. भिंतीत क्षार असले की ते टोकदार मीटर कोरड्या भिंतीतही वाढीव आकडा दाखवतं.

आता मालकांचा आवडता मुद्दा: ‘खिडक्या उघडत नाहीत.’ हा सल्ला थंड, कोरड्या हवेच्या प्रदेशात बरोबर आहे. बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता घटते आणि ती खोलीतली वाफ शोषून घेते. पण बाहेर 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असताना त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते ते, जवळजवळ 25 अंश असतो. म्हणजे खोलीतली 25 अंशांपेक्षा थंड असलेली प्रत्येक वस्तू त्या हवेने ओली होणार. रात्रभर एसी 20 वर चालवला, भिंती गार झाल्या आणि सकाळी ‘जरा हवा येऊ दे’ म्हणून खिडकी उघडली, तर तुम्ही स्वतःच भिंतीला पाणी घातलंत. त्यामुळे दमट हवामानात खिडकी न उघडल्याचा ठपका भाडेकरूवर ठेवणारा अहवाल मी तरी गंभीरपणे घेत नाही. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. ते खोलीत ठेवून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून काढा. आतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवणं हे ध्येय.

मग वाफेमुळे आलेली बुरशी कोणाची? इथे सरसकट उत्तर नाही. स्वयंपाक, आंघोळ, कपडे धुणं आणि चार माणसांचा श्वास मिळून घरात दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. ही राहण्याचीच खूण आहे. तो भाडेकरूचा दोष ठरत नाही. बाथरूमला एक्झॉस्ट फॅन नाही, बेडरूमची खिडकी रंगाने चिकटून बसली आहे, वरचा स्लॅब उघडा तापतो आणि गार होतो, बाहेरच्या भिंतीला तडे आहेत, या गोष्टी मालकाच्या. पंखा आहे पण कधी लावलाच नाही, ओले कपडे बंद बेडरूममध्ये रोज वाळत घातले, कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी टेकवून ठेवलं, एसी 18 वर लावून दार सताड उघडं, ही भाडेकरूची बाजू. तुमचं कपाट तुम्ही ठेवलंत की ते भिंतीतच बसवलेलं होतं, हे मी पहिल्यांदा विचारेन. बसवलेलं असेल तर त्यामागे हवा खेळवणं तुमच्या हातात नव्हतंच. तुमचं असेल तर आजच ते दहा सेंटिमीटर पुढे ओढा.

एसीकडे वळू. इथे मात्र बहुतेक वेळा स्वच्छ निकाल देता येतो.

एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणीही काढतो. दमट दिवसांत दीड टनाचा स्प्लिट तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो. हे पाणी कॉइलवरून, म्हणजे आतल्या थंड नळ्यांच्या जाळीवरून, खालच्या ट्रेमध्ये आणि तिथून ड्रेन पाइपने बाहेर जातं. पंपबिंप काही नसतो, सगळा खेळ उताराचा. म्हणून एसी गळतो म्हणजे बहुतेक वेळा एसी ‘बिघडलेला’ नसतोच. तो आपलं काम चोख करत असतो आणि त्याने काढलेल्या पाण्याला वाट मिळत नसते.

तपासणी अशी करतात. मेन स्विच बंद करायचा, पुढचं झाकण उघडायचं, फिल्टर काढून उजेडात धरायचा. आरपार दिसत नसेल, करड्या नमद्यासारखा थर बसला असेल, तर तो फोटो मालकांच्या बाजूने जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. मग तांब्याभर पाणी हळूहळू ट्रेमध्ये सोडायचं, विजेच्या जोडण्यांच्या बाजूला नाही, दुसऱ्या टोकाला. ट्रेपर्यंत हात पोचत नसेल तर हे मेकॅनिकसमोर करून घ्या. एका माणसाने बाहेर पाइपच्या तोंडाशी उभं राहायचं. थोड्याच वेळात तिथून सलग धार आली तर वाट मोकळी आहे. थेंब थेंब आलं किंवा ट्रे भरून पुढून सांडू लागला तर ड्रेन तुंबला आहे. आत धूळ आणि शेवाळी चिकट थर साचतो, कधी मुंग्या किंवा गांधीलमाशी तोंडाशी घर करते. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तरी हवा अडकून पाणी परत फिरतं. बादली ठेवायचीच असेल तर टोक पाण्याच्या वर हवं.

वाट मोकळी असूनही गळत असेल तर एसी तासभर चालवून पुन्हा झाकण उघडा. कॉइलवर किंवा तांब्याच्या नळीवर बर्फ दिसला तर एसी बंद केल्यावर तो वितळतो आणि एकदम इतकं पाणी येतं की ट्रेला ते झेपत नाही. फिल्टर गच्च असताना बर्फ धरला तर कारण फिल्टर. फिल्टर स्वच्छ असताना धरला तर बहुधा गॅस कमी. आणि गॅस ‘वापरून संपत’ नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे सांध्यातून किंवा कॉइलमधून गळतो आहे. दरवर्षी गॅस भरून घ्या असं सांगणारा मेकॅनिक गळती तशीच ठेवून तुमचे पैसे घेतो आहे, आणि ते तुमच्याकडून घेतले जात असतील तर ते मालकांकडे मागायला हवेत.

पाणी युनिटच्या पुढून न येता मागून भिंतीवरून उतरत असेल, तर नळ्यांवरचं काळं फोमचं आवरण फाटलं आहे का बघा. उघड्या थंड नळीला घाम फुटतो आणि तो भिंतीत मुरतो. युनिट ड्रेनच्या उलट बाजूला कललेलं असेल तर लेव्हल ठेवताच कळतं. आणि एसी बंद असताना, फक्त पावसातच गळत असेल, तर नळ्या बाहेर नेण्यासाठी पाडलेल्या भोकाचा उतार आत आहे आणि पावसाचं पाणी त्यातून शिरतं आहे. मेकॅनिक याला ‘एसी लीकेज’च म्हणेल, पण एसीचा त्यात काही संबंध नाही.

यातून वाटणी करणं सोपं आहे. एसी मालकाचा असेल तर बसवण्यातले दोष, उतार, आवरण, भोक, फुटलेला ट्रे, गॅसची गळती हे सगळं मालकाचं. बसवणाऱ्याने चूक केली असेल तर मालकाने ते त्याच्याशी बघावं, भाडेकरूचा त्या माणसाशी व्यवहार झालेला नाही. फिल्टर धुणं भाडेकरूचं, आणि एसी रोज चालत असेल तर ते दोन ते चार आठवड्यांनी करायचं काम आहे. ड्रेन तुंबणं या दोन्हींच्या मध्ये येतं. करारात ‘एसीची नियमित सर्व्हिसिंग भाडेकरूने करावी’ असं असेल आणि वर्षभर ती झाली नसेल, तर मी ते भाडेकरूकडे टाकतो. करार गप्प असेल तर मालकाकडे. पण राहायला आल्यावर महिना-दीड महिन्यातच तुंबला असेल तर तो आधीचाच मळ आहे, मग करारात काहीही लिहिलेलं असो. भाडेकरूने स्वतःचा एसी बसवला असेल तर हे सगळं उलटं होतं. मग खालच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीवर टपटपणारं पाणीही त्याचंच.

एक गोष्ट मात्र एसी कोणाचाही असला तरी भाडेकरूला चुकत नाही. पाणी दिसल्या दिवशी एसी बंद करायचा आणि कळवायचं. खाली बादली ठेवून उन्हाळा काढला आणि तोवर भिंत फुगली, तर मूळ दोष मालकाचा असूनही वाढलेलं नुकसान तुमच्या माथी येतं. भारतीय करार कायद्याचं कलम 73 नुकसानभरपाई ठरवताना हेच विचारात घ्यायला सांगतं: त्रास कमी करायचे उपाय हाताशी होते का. ओली झालेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळवली तर सहसा बुरशी धरत नाही. त्यानंतर धरते. म्हणून ‘कधी कळलं’ आणि ‘कधी कळवलं’ या दोन तारखा माझ्या अहवालात सगळ्यात वर असतात. कळवल्याच्या तारखेपर्यंत कारण कोणाचं ते पाहायचं, त्यानंतर उशीर कोणाचा ते.

कायदा काय म्हणतो, तर आधी तुमच्या हातातला कागद कोणता आहे ते बघा. भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चं कलम 108 भाडेपट्ट्याला लागू होतं, पण करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच. त्यानुसार मालकाला माहीत असलेला, भाडेकरूला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष आधी सांगावा लागतो. जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. उलट भाडेकरूने घर मिळालं त्या स्थितीत परत द्यायचं, वाजवी झीज वगळून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 14 आणखी स्पष्ट आहे: वेगळा करार नसेल तर जागा राहण्यालायक दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक, किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत त्याने काही केलं नाही तर भाडेकरूने दुरुस्ती करून भाड्यातून वळती करावी, मात्र वर्षभरात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही.

इथेच एक मेख आहे. महाराष्ट्रात आज बहुतेक जण ज्याला भाडेकरार म्हणतात तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ असतो. कागदावर तुम्ही भाडेकरू नसून परवानाधारक असता, आणि कलम 14 भाडेकरूविषयी बोलतं. परवान्याला भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 लागू होतो. त्याचं कलम 57 एवढंच सांगतं की परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा, मालकाला माहीत असलेला दोष त्याने उघड करावा. दुरुस्तीचं बाकी सगळं करारातल्या शब्दांवर. म्हणून लायसन्सवर राहणाऱ्याने ‘कायद्याने मला कापून घ्यायचा हक्क आहे’ म्हणत परस्पर पैसे वळते करू नयेत. मालकाकडून लेखी होकार घ्यावा, व्हॉट्सॲपवर का असेना. कराराची लेखी नोंदणी करणं ही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे आणि ती केली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, धरून चालतात. मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

केंद्राचा 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो, पण त्याच्या दुसऱ्या अनुसूचीतली वाटणी वादात दाखवायला उपयोगी पडते. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, पाइप बदलणं, आतलं-बाहेरचं वायरिंग हे मालकाकडे. नळाचे वायसर, मोऱ्यांची सफाई, बटणं, मोठं वायरिंग सोडून विजेच्या उपकरणांची दुरुस्ती हे भाडेकरूकडे. एसीचं नाव त्यात वेगळं घेतलेलं नाही. म्हणून मालक ‘विजेचं उपकरण’ म्हणून तो तुमच्याकडे ढकलू शकतात. करार करताना याचं उत्तर लिहून घेतलेलं बरं. आणि गळती सोसायटीच्या बाहेरच्या पाइपातून किंवा गच्चीतून असेल तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) ती सोसायटीने दुरुस्त करायची. पण सोसायटीकडे तक्रार सभासदाने करायची असते. तुम्ही सेक्रेटरींना सांगितलंत म्हणजे काम झालं असं नाही, मालकांनी स्वतःच्या सहीने पत्र द्यायला हवं. ‘सोसायटी करत नाही हो’ हे मालकाचं उत्तर तुमच्यापुरतं पुरेसं ठरत नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. दुबईत 2007 च्या कायदा क्रमांक 26 प्रमाणे वेगळं ठरलं नसेल तर देखभाल मालकाची, तेव्हा करारात एसीबद्दल ‘वेगळं’ काय ठरलंय ते बघा. कॅलिफोर्नियात डोळ्यांना दिसणारी बुरशी 2016 पासून घर निकृष्ट ठरवण्याच्या कारणांत धरली जाते, आणि ॲरिझोनात मालकाने दिलेला एसी चालू ठेवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. जर्मनीत दोष असेल तर भाडं कायद्यानेच कमी होतं, पण तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये सांगितलं की बांधताना लागू असलेल्या नियमांप्रमाणे बांधलेल्या जुन्या घराच्या भिंती थंड आहेत, एवढ्यावरून तो दोष ठरत नाही. इंग्लंडमध्ये 1985 च्या एका खटल्यात जवळपास असाच निर्णय झाला होता: भिंतीचं नुकसान न करता नुसतं दव जमत असेल तर ती ‘नादुरुस्ती’ नव्हे. ती पळवाट 2018 च्या राहण्यायोग्यतेच्या कायद्याने बरीच बुजवली. रॉचडेलमध्ये बुरशीने भरलेल्या घरात राहणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाचा 2020 मध्ये मृत्यू झाला, त्यानंतर त्याच्या नावाने ओळखला जाणारा ‘अवाबचा कायदा’ आला. 27 ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना, म्हणजे कमी भाड्यात घरं देणाऱ्या संस्थांना, तातडीचा धोका 24 तासांत दूर करावा लागतो आणि गंभीर ओल-बुरशीची पाहणी कामाच्या दहा दिवसांत करावी लागते.

तब्येतीचा मुद्दा मी मुद्दाम वाढवत नाही. ओल आणि बुरशीने दमा, खोकला, ॲलर्जी बळावते हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलं आहे, आणि घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल तर मालकांना कळवताना ते जरूर लिहा. पण ‘ही काळी विषारी बुरशी आहे का’ म्हणून प्रयोगशाळेत नमुने पाठवण्यावर पैसे घालवू नका. घरातल्या हवेत किती बुरशी चालते याची सर्वमान्य मर्यादाच नाही, आणि कोणतीही निघाली तरी उपाय तोच: ओल थांबवा, बुरशी काढा. एक चौरस मीटरपेक्षा कमी भाग असेल तर मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घरच्या घरी पुसता येतो. कोरडा घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. त्यापेक्षा मोठा पसारा असेल किंवा एसीच्या आतच बुरशी असेल तर माणूस बोलवा. आणि पुसण्याआधी फोटो.

फोटो म्हणजे एक लांबून, खोली ओळखू येईल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. कळवणं ईमेलने किंवा मेसेजने, फोनवर बोलणं झालं असेल तर त्यानंतर ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे’ म्हणून दोन ओळी पाठवा. मूळ फाइल फोनमध्ये ठेवा. प्रकरण कोर्टात गेलं तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. एसीच्या मेकॅनिककडून नुसती पैशांची पावती घेऊ नका. ‘ड्रेन तुंबला होता, फिल्टर स्वच्छ होता’ किंवा जे काही सापडलं ते त्याच्याकडून पावतीवरच लिहून घ्या. त्या एका ओळीइतका उपयोगी पुरावा वादात दुसरा मिळत नाही, आणि तो त्याच दिवशी मिळतो, महिन्याने नाही. भाडं मात्र थांबवू नका. भाडं थकलं की ओलीचा विषय बाजूला पडतो आणि मालकांच्या हाती आयतं कारण मिळतं.

तुमच्या डिपॉझिटबद्दल माझं मत असं. छताजवळच्या कोपऱ्याची आणि कपाटामागची बुरशी वाफेची निघाली तर ती दोघांची, आणि बाहेरच्या भिंतीला तडे निघाले तर पूर्ण मालकांची. एसीखालची भिंत तांब्याभर पाण्याची आणि बर्फाची तपासणी काय सांगते त्यावर. तुमची चूक निघाली तरी सगळ्या खोलीच्या रंगाचा खर्च तुमच्यावर येत नाही. जेवढी भिंत खराब झाली तेवढीच, आणि तिचा रंग किती जुना होता ते वजा करून. पाच वर्षं टिकणारा रंग चार वर्षांपूर्वी लावलेला असेल, तर उरलेल्या एका वर्षाचीच किंमत तुम्ही बुडवलीत. मालकांना शेवटच्या रंगकामाची पावती मागा. आणि ओल थांबवल्याशिवाय, भिंत पूर्ण वाळल्याशिवाय कोणी रंग लावत असेल, मग खर्च कोणाचाही असो, अडवा. नव्या रंगातून तोच डाग पुढच्या हंगामात वर येईल.

करार संपत आला आहे आणि पुढे वाढवायचा आहे, तर या ओळी त्यात घालून घ्या: ‘एसी मालकाच्या मालकीचा असून ताबा देताना तो सर्व्हिसिंग करून, ड्रेन तपासून दिला आहे. फिल्टरची सफाई आणि वर्षातून दोन सर्व्हिसिंग भाडेकरू स्वखर्चाने करील व पावत्या मालकाला पाठवील. गॅसगळती, सुटे भाग, नळ्यांचं आवरण आणि बसवणीतले दोष यांचा खर्च मालकाचा. गळती किंवा ओल दिसल्यास भाडेकरू 48 तासांत लेखी कळवील व मालक सात दिवसांत पाहणी करवील. तसं न झाल्यास भाडेकरूने ठरावीक रकमेपर्यंत दुरुस्ती करून पावतीसह ती पुढच्या भाड्यातून वळती करावी.’ रकमेचा आकडा दोघांनी बसून ठरवा आणि कराराला आजच्या भिंतींचे फोटो जोडा, डागांसकट.